गुलमोहर ब्रास बँडमधला रुमानियन साहेब

बँडवाल्याचं निम्मं आयुष्य वाजवण्यात जातं आणि निम्मं नवरदेव घोड्यावर बसायची वाट बघण्यात! फेटा बांधायचा राहिलेला असतो, मामा रुसलेला असतो, घोडा आलेला नसतो. घोडा आला, तर नवरदेवच घाबरून बसलेला असतो. तोवर आम्ही लाल कोट घालून कुणाच्या तरी ओट्यावर घाम पुसत बसायचं. किस्से साठतात ते अशा बसण्यातून. एक सांगायला घेतला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो.

आता लोक म्हणतात, "सुदामराव, बँडमधलं काहीतरी गमतीचं सांगा." सांगतो की! पण फिरून फिरून मी येतो आमच्या एमिलसाहेबांवर, आणि मग गंमत जरा वेळच टिकते. ऐकणारे हसत असतात आणि मी पान आणायच्या निमित्ताने उठतो. तुम्ही हसा. माझं मनावर घेऊ नका.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. भद्रकालीतल्या एका बोळात आमच्या गुलमोहर ब्रास बँडचा गाळा होता. मालक आणि मास्तर दामूअण्णा. त्यांचे वडील देवळालीच्या लष्करी बँडात वाजवायचे, त्यामुळे अण्णांना इंग्रजी नोटेशन वाचता यायचं. वाचायचे हळू, बोट ठेवून, पण वाचायचे! मी दिवसा पाटबंधारे खात्यात कारकून, आणि लग्नसराईत क्लॅरिनेट. युफोनियमवर चांदवडकडचा शांताराम. त्या भल्यामोठ्या भोंग्याला आम्ही नुसतं 'बाजा' म्हणायचो. बाकी मंडळी येऊन-जाऊन.

*

साहेब पहिल्यांदा दिसले ते सातपूरच्या एका वरातीत. उंच, केस विस्कटलेले, अंगात जाडजूड कोट, तोही मे महिन्यात! नाचणाऱ्यांत ते नव्हते. शांतारामच्या बाजाच्या तोंडाशी कान लावून चालत होते. शांताराम बिचारा बाजा इकडे वळवी, की साहेब इकडे. तिकडे वळवी, की तिकडे.

वधूपक्षाला वाटलं, वरपक्षाचा पाहुणा. वरपक्षाला वाटलं, वधूपक्षाचा. समोरच्यांनी गोरा पाहुणा आणून आपल्यावर कडी केली, ह्या रागात दोघांनीही त्यांना आग्रह करकरून जेवायला घातलं. साहेब बुंदी खात होते आणि डोळे आमच्यावर!

दुसऱ्या दिवशी शोधत शोधत गाळ्यावर हजर. इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. (साहेबांचं बोलणं मी इथे मराठीत सांगतोय, ते माझ्या समजुतीप्रमाणे.) म्हणाले, "काल तुमचे सगळे क्लॅरिनेट एकच चाल वाजवत होते, पण प्रत्येकजण थोडी वेगळी. एक पुढे, एक मागे, एकजण मध्येच मुरकी घेतो. हे कुणी रचलं?"

मी अण्णांना सांगितलं. अण्णांचा पारा चढला. "आमची माणसं बेसूर वाजवतात, असं म्हणतोय का हा?"

"नाही, नाही!" साहेब घाईघाईने म्हणाले. "मी माझ्या देशात असंच लिहायला बघतो. महिनोन् महिने लागतात. तुम्हाला कसं जमलं?"

अण्णा शांत झाले. म्हणाले, "सुदाम्या, सांग त्यांना. ह्याला लिहावं लागत नाही. वाजवायच्या आधी थोडी घ्यावी लागते!"

मी सांगितलं. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग खिशातून पेन्सिल काढली आणि गंभीरपणे विचारलं, "कोणती?"

*

साहेब नाशिकला आले होते ते बायकोच्या नोकरीवर. हे आमच्या बोळात पचायला फार जड गेलं! बाई इंजिनियर. सातपूरच्या एका कारखान्यात रुमानियाहून यंत्रं आली होती, ती जोडून चालू करून द्यायला सरकारने त्यांना धाडलं होतं. साहेब सोबत. दिवसभर घरी. शांताराम मला हळूच म्हणाला, "म्हंजी घरजावईच की रं सायेब!"

पण साहेब करतात काय, हे आम्हाला चहा पिता पिता कळलं. ते संगीत रचायचे. तिकडच्या मोठ्या शहरात, मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी. एकदा त्यांची एक रचना बसवली, तालमी झाल्या, कार्यक्रमाची तारीख लागली. आदल्या दिवशी वरून एक अधिकारी आला. पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ह्यात गाणं कुठे आहे? कामगार घरी जाताना गुणगुणणार काय?"

दुसऱ्या दिवशी साहेब कार्यक्रमाला गेले, तर स्टेजवर लोकनृत्य चालू! त्यानंतर त्यांचं काहीच कुठे वाजलं नाही. लिहायचे आणि ठेवून द्यायचे. बाजे फुंकणाऱ्यांसाठी एक मोठी रचना लिहून कितीतरी वर्षं झाली होती. ती कुणीच, एकदाही वाजवलेली नव्हती.

हे सगळं साहेब हसत हसत सांगत होते. आम्हीही हसलो. दामूअण्णा मात्र हसले नाहीत. बशीतला चहा संपवून म्हणाले, "म्हणजे तुम्हीही ते ऐकलेलं नाही?"

"डोक्यात ऐकलंय."

"डोक्यात सगळंच चांगलं वाजतं, साहेब. ते खरंच चांगलं आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

मी भाषांतर करायला कचरलो. पण केलं. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "नाही कळलं. मरायच्या आधी तेवढं कळलं पाहिजे."

अण्णा उठून कप विसळायला गेले. जाता जाता म्हणाले, "घेऊन या म्हणावं. बघू."

*

तालमी पावसाळ्यात सुरू झाल्या. पावसाळ्यात लग्नं नसतात, बँडवाला तसा रिकामाच. कुणी रंगाच्या कामाला जातो, कुणी ओझरला कारखान्यात हंगामी लागतो. संध्याकाळी सगळे गाळ्यात.

अण्णा बोट ठेवून वाचायचे, तोंडाने गाऊन दाखवायचे, आणि एकेकजण पकडायचा. आमच्याकडे असंच बसवतात. अडचण एवढीच होती, की पकडायला काही हाती लागेना!

शांताराम वैतागला. "सायेब, गानं कंचं हाय ते सांगा. म्हंजी म्या लगेच पकडतो."

"गाणं नाही," साहेब म्हणाले.

"मंग काय हाय?"

साहेबांनी मला समजावलं. त्यांच्या आजोळी डोंगर आहेत. पहाटे धुकं उतरतं. धुक्यातून मेंढ्यांचा कळप जातो. मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या घंटा ऐकू येतात, कुठली पुढे, कुठली मागे. तुझा बाजा म्हणजे ते धुकं, आणि क्लॅरिनेट म्हणजे घंटा.

शांतारामने कपाळावर हात मारला. "आवं, मंग मेंढरं म्हना की! चांदवडच्या डोंगरावर आमचा बाप मेंढरंच राखायचा. उगा कवाधरनं गानं हुडकतोय म्या!"

त्या दिवसापासून त्या भागाचं नाव 'मेंढरं' पडलं. पुढे एक भाग होता, त्यात सगळ्यांनी मिळून कर्कश ओरडल्यासारखं वाजवायचं. त्याला आम्ही 'पुढच्या रांगेतला साहेब' म्हणायचो. हे नाव एमिलसाहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी लिहिलेलं मूळ नाव पेन्सिलीने खोडलं आणि आमच्याकडून मराठीत लिहून घेतलं.

*

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. एकदा खुळखुळेवाला आजारी पडला. साहेब म्हणाले, मी येतो! लाल कोट त्यांना मनगटाच्या वर यायचा. टोपीवर तुरा. सबंध वरातभर मन लावून खुळखुळे वाजवले.

नवरदेवाचा बाप हरखला. "मास्तर, तो गोरा पुढे घ्या ना! फोटोत येऊ द्या!"

मग बातमी पसरली. गाळ्यावर माणसं यायची आणि विचारायची, "तो गोरावाला बँड हाच का?" अण्णा खूश. पण साहेबांना दर वेळी कसं नेणार? ते म्हणाले, "न्या हो! आयुष्यात पहिल्यांदा लोक मला मागणी घालतायत."

आम्ही खो खो हसलो. रात्री घरी जेवताना ते वाक्य मला आठवलं आणि मी ताटावरून उठलो.

*

सटाण्याकडच्या एका लग्नात अण्णांना लहर आली. वरात देवळापाशी थांबली होती, नाचणारे दमले होते. अण्णा म्हणाले, "मेंढरं काढा!"

आम्ही काढली. शांतारामने धुकं सोडलं, आम्ही घंटा सोडल्या. साहेब माझ्या शेजारीच खुळखुळे धरून उभे होते. ते हलवायचेही विसरले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी तिकडे बघायचं टाळलं. नाचणारे हात वर केलेले तसेच उभे. घोड्याने कान टवकारले. सगळ्या मंडळींत तो घोडाच तेवढा मनापासून ऐकत होता!

नवरदेवाचा मामा तोंड पुसत पुढे आला. "मास्तर, हाई कोणता पिच्चरनं गाणं शे?"

अण्णा म्हणाले, "पिक्चर अजून लागलेला नाही."

मामाने आणखी थोडं ऐकलं. मान हलवली. "लागू द्या. पडी जाई हाऊ पिच्चर!"

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, हा पिक्चर पडेल म्हणतोय. मला वाटलं, दुखावतील. पण ते मामाकडे गेले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला सांग, आभारी आहे. तिकडे कुणी एवढंसुद्धा तोंडावर सांगितलं नाही."

मामाला काय सांगायचं! मी म्हटलं, "साहेब म्हणतात, जेवण छान होतं."

*

पूर्ण रचना नीट ऐकायची तर लोकांनी बसलेलं पाहिजे, घोड्याशिवाय! म्हणून आम्ही हॉल बघायला निघालो. शहरातल्या एका संगीतमंडळाचा हॉल होता. सेक्रेटरी पेन्शनर गृहस्थ, अंगात रेशमी झब्बा. साहेबांना बघून त्यांना केवढा आनंद झाला! युरोपातले संगीतकार, आमच्या हॉलमध्ये! बसा, चहा घ्या. कोण कलाकार वाजवणार? पियानो आहे का सोबत?

साहेबांनी आमच्याकडे हात केला. "हे वाजवणार."

सेक्रेटरींनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या पुतणीच्या लग्नात आम्हीच वाजवलं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. म्हणाले, "अहो, ह्या स्टेजवर मोठमोठ्या लोकांच्या मैफली झाल्यात. बँडवाल्यांना चढवलं, तर मेंबर लोक मला खाली उतरवतील. त्यापेक्षा तुम्ही एक व्याख्यान द्या ना!" आणि माझ्याकडे बघून मराठीत, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुम्ही कुठे राहता ते मला माहीत आहे."

मी कुठे राहतो, ह्याचा स्टेजशी काय संबंध, हे त्यांना मी विचारायला हवं होतं, असं लोक आता म्हणतात. तेव्हा चहा अर्धा सोडून उठलो, तेवढंच.

बाहेर आल्यावर साहेबांनी खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यही. साहेब गंगापूर रोडच्या कडेला थबकले. म्हणाले, "तिकडे म्हणाले, हे संगीत कामगारांच्या कामाचं नाही. इकडे म्हणतात, कामगार संगीताच्या कामाचे नाहीत. आता मी जाऊ कुठे?"

दामूअण्णा म्हणाले, "मिसळ खायला."

आणि गेलो. अण्णांनी उगीच दोनदा तर्री मागून घेतली.

*

साहेबांना एक मुलगी होती, आना. ती तिकडेच, आजीजवळ. आई-बाप दोघं देशाबाहेर असले की सरकार मूल मागे ठेवून घ्यायचं, म्हणजे आई-बाप पळून जात नाहीत! हे साहेबांनी असं सांगितलं, जसं आपण सांगतो की सायकल स्टँडवर चावी ठेवून यावी लागते.

फोनसाठी ते तार ऑफिसात यायचे. ट्रंक कॉल लावायचा आणि बाकावर बसून राहायचं. खिडकीवरच्या बाईंशी बोलायला मी सोबत. बहुतेक दिवस कॉल लागायचाच नाही.

एकदा लागला. साहेब धावत बूथमध्ये शिरले, रिसीव्हर कानाला लावला आणि गप्प. मी काचेतून बघतोय. तोंड उघडलं, मिटलं. मग हळू आवाजात काहीतरी गुणगुणायला लागले. थांबले, ऐकलं, परत गुणगुणले. खिडकीवरच्या बाई कासावीस झाल्या. "अहो, त्यांना सांगा ना, बोला म्हणावं! कॉल चालू आहे! गाणी काय म्हणताहेत!"

साहेब बाहेर आले ते घामाने चिंब. मी विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाले, "तिकडे तिसरंच कुणीतरी ऐकत असतं. आमच्या घरात काही विचारायचं असेल, तर आम्ही सुरांत विचारतो. मी विचारलं, बरी आहेस का?"

"मग? काय म्हणाली?"

साहेबांनी ते गुणगुणून दाखवलं. चार-पाचच सूर, खाली खाली येत गेलेले. मला क्लॅरिनेटवाल्याला अर्थ विचारावा लागला नाही.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, झालं का बोलणं?" मी म्हटलं, "झालं." त्या म्हणाल्या, "मग रडताहेत कशाला?"

*

बाईसाहेब गाळ्यावर एकदाच आल्या. मारियाबाई. पँट, वर कारखान्याचा निळा शर्ट, हाताला ग्रीस. साहेबांच्या मानाने बोलायला रोखठोक. आल्या आल्या म्हणाल्या, "यंत्रं सुरू झाली. आम्हाला परत बोलावलंय. पंधरवड्यात निघायचं आहे."

साहेब मागेच उभे होते, शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखे.

मग बाईंनी राहिलेलं सांगितलं. आनाला संगीताच्या कॉलेजात जायचं होतं. तिचा अर्ज अडवून ठेवला होता. आता वरून निरोप आला होता, की बापाने ते असलं लिहिणं सोडलं, सणासुदीची, समारंभाची गाणी तेवढी करीन असं कबूल केलं, तर मुलीचं बघता येईल. हे एवढंच, पण कायमचं.

मी अण्णांना सांगत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. बोळात कुणाचा तरी रेडिओ चालू होता. अण्णांनी थेट साहेबांना मराठीतच विचारलं, "मग? पोरगी, का बाजा?"

एव्हाना साहेबांना थोडं मराठी यायला लागलं होतं. ते म्हणाले, "पोरगी."

लगेच म्हणाले. जराही थांबले नाहीत.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "बाप असाच पाहिजे." आणि ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी डोकावलो. अण्णा पाठमोरे बसून एक चकचकीत ट्रम्पेट पुन्हा पुन्हा पुसत होते. म्हणाले, "सुदाम्या, तुझ्या कॉलनीत मोकळी जागा आहे ना? रविवारी संध्याकाळी वाजवू. सगळं. सुरुवातीपासून."

*

आता शेवटचा, आणि खरं तर हाच सांगायचा होता.

त्या रचनेत शेवटाकडे एक जागा होती. सगळे बाजे एकदम थांबतात. बराच वेळ काहीच नाही. मग साहेबांचा वर धरलेला हात खाली येतो आणि एकटा क्लॅरिनेट, म्हणजे मी, शेवटची ओळ वाजवतो. संपलं.

हे 'काहीच नाही' आम्हाला मुळीच जमत नव्हतं! बँडवाल्याला वाजवणं जमतं, गप्प बसणं जमत नाही. बँड मध्येच थांबला की लोकांना वाटतं, वरातीत मारामारी झाली. त्यामुळे ती जागा आली, की ड्रमवाला हटकून एक टिपरू टाकायचा. कुणी खाकरायचा. शांताराम बाजातली थुंकी झटकायचा. साहेब विनवण्या करून थकले.

शनिवारच्या तालमीत अण्णांनी तोड काढली. म्हणाले, "असं समजा, समोरून मयत येतेय."

बस्स! जमलं. तुम्ही वरातीत कधी बघितलं असेल. समोरून मयत आली की बँड थांबतो. कुणी खूण करावी लागत नाही. बाजे खाली येतात, आणि मयत वळणाआड जाईपर्यंत कुणी फुंकर मारत नाही, नवरदेवाचा बाप कितीही घाईत असला तरी. ते आमच्या अंगातच आहे. साहेब चकित! "काय सांगितलंत त्यांना?" अण्णांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, "काही नाही. शिस्त."

रविवारी आमच्या कॉलनीत, बुद्धविहारासमोरच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. नाशिकरोडच्या बाजूची ती कॉलनी. एका अंगाला रस्ता. नोटप्रेसमधले, रेल्वेतले, शाळामास्तर, बायका, म्हाताऱ्या, पोरं, सगळी येऊन बसली. लग्न कुणाचं, म्हणून दोघांतिघांनी विचारलंच! आम्ही पूर्ण ड्रेसमध्ये. लाल कोट, तुऱ्याच्या टोप्या. मारियाबाई मागे उभ्या होत्या. साहेब आमच्यासमोर, तोच जाडजूड कोट घालून, डोक्यावर हॅट.

वाजायला लागलं. धुकं उतरलं, मेंढरं निघाली. काही जागा चुकल्या. शांताराम एकदा सपशेल पुढे निघून गेला, साहेबांनी मान डोलावून त्याला तसंच जाऊ दिलं. 'पुढच्या रांगेतला साहेब' असा ओरडला, की पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर खरंच रडायला लागलं. मी वाजवता वाजवता साहेबांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होतो. ते चांगलं आहे की नाही, हे त्यांना कळतंय का, एवढंच मला बघायचं होतं. काही समजेना. ते हात हलवत होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

मग ती जागा आली. सगळे थांबलो. बाजे खाली आले.

आणि जे कुणी ठरवलं नव्हतं, तालमीत कधी झालं नव्हतं, कारण तालमीत कुणाच्या डोक्यावर टोप्या नसायच्या, ते झालं. समोरून मयत येतेय असं समजल्यावर हात आपोआप वर गेले आणि बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. सगळ्यांनी, अण्णांसकट.

कॉलनीतल्या लोकांनी ते बघितलं. बँड एकदम गप्प, टोप्या हातात. म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. पुढची रांग उठली, मागची उठली. म्हाताऱ्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी पदर सावरले, पोरांना गप्प केलं. सगळ्यांनी रस्त्याकडे तोंड करून हात जोडले. मागे मारियाबाईंनीही बघून बघून हात जोडले. रस्ता रिकामा होता.

साहेबांचा हात वरच होता. त्यांनी मागे वळून बघितलं. पूर्ण पटांगण उभं! माझ्याकडे झुकून कुजबुजले, "हे का उभे राहिले?"

मी कुजबुजत सांगितलं. बँड कधी थांबतो ते सांगितलं. काल अण्णा काय म्हणाले, तेही सांगितलं. तेवढ्यात माझ्या कडेला उभ्या असलेल्या म्हातारीने विचारलं, "कोन गेलं रं, बाबा?" तेही मी साहेबांना सांगितलं.

साहेब म्हातारीकडे बघत राहिले. मी क्लॅरिनेट तोंडाला लावून तयार. हात खाली आला, की शेवटची ओळ.

साहेबांनी हात खाली घेतला, पण ती मला सुरू करायची खूण नव्हती. त्या हाताने त्यांनी हॅट काढली. आमच्याकडे पाठ केली, त्या म्हातारीच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि रस्त्याकडे बघायला लागले.

एक मयत पुढे जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा गेला. त्याहून जास्त गेला. कुणी हललं नाही. शेवटी दामूअण्णा दबक्या पावलांनी पुढे गेले आणि साहेबांच्या कानाशी म्हणाले, "साहेब, वाजवू का?"

साहेबांनी मान वळवली नाही. मराठीतच म्हणाले,

"थांबा, मास्तर. अजून जातेय."